आईने सगळ्यांच्या हातांचं पीठ भिजवलं

आमच्या क्वार्टरमध्ये दिवस उजाडायचा तो बाबांच्या बुटाच्या ब्रशने. बाबा केंद्र सरकारच्या एका कचेरीत मोटारीवर ड्रायव्हर होते. साहेबांना आणायला जायच्या आधी ते व्हरांड्यात उकिडवे बसून बूट घासायचे आणि घासता घासता गायन गुणगुणायचे. उपासनेत म्हणतो त्या गाण्यांना आम्ही ख्रिस्ती लोक गायनं म्हणतो. आमच्या नगरकडच्या गायनांच्या चाली ओवीच्या, अभंगाच्या, आणि नाव मात्र येशूचं. बाबांचे ओठ मिटलेले असायचे, त्यामुळे शेजाऱ्यांना ऐकू जायची ती नुसती चाल. आत आई स्टोव्हला पंप मारायची. खालच्या मजल्यावर बीजी ताक घुसळायच्या, त्यांच्या रवीची घरघर आमच्या फरशीतून पायांना जाणवायची. बीजी पंजाबी होत्या, फाळणीत घर सोडून आलेल्या. त्यांना मराठी येत नव्हतं आणि आईला हिंदी, तरी दोघी जिन्यात उभ्या राहून कितीतरी वेळ बोलायच्या. काय बोलायच्या ते त्यांनाच माहीत.

क्वार्टर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि व्हरांडा. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या पलीकडे ही आमची लहान नोकरांची वसाहत होती. थंडीत खोलीच्या भिंती ओल्या कपड्यासारख्या गार लागायच्या. संध्याकाळी जेवणाआधी कुटुंबप्रार्थना व्हायची. बाबा दार लावून घ्यायचे, थंडी आत येऊ नये म्हणून, आणि मी पवित्र शास्त्रातला अध्याय मोठ्याने वाचायची. मोठ्याने म्हणजे घरातल्यांना ऐकू येईल एवढ्याच आवाजात. माझं शिक्षण गावच्या शाळेत चौथीपर्यंत. दिल्लीला आल्यावर बाबांनी मला हिंदी शाळेत घातलं होतं. तिथे बाईंनी नाव विचारलं आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मुलींनी मला 'मद्रासन' असं नाव पाडलं. मी त्यांना सांगू शकले नाही की मद्रास मी पाहिलेलंसुद्धा नाही. काही दिवस गेले, मग रोज सकाळी माझ्या पोटात दुखू लागलं. तेव्हा आईला दिवस गेलेले होते, घरात हाताखाली कोणी हवंच होतं. बाळू जन्मला आणि शाळा राहून गेली. मला जे काही लिहिता येतं ते त्या अध्यायांमुळे. रोज संध्याकाळी एक अध्याय, वर्षानुवर्षं. त्याची मला लाज वाटत नाही. उलट मला वाटतं, एवढं चांगलं मराठी मला कोणत्या शाळेने दिलं असतं?

घराबाहेर मी बोलतच नसे. दुधाच्या रांगेत पुढचा माणूस मध्ये घुसला तरी गप्प. कोणी काही विचारलं तर मान हलवायची, नाही तर आईच्या पदराआड जायचं. लोकांना वाटे, मुलीत काही कमी आहे. आई म्हणायची, "राहू द्या, बोलेल तेव्हा बोलेल."

आमच्या जिन्यावर आणि शेजारच्या जिन्यावर मिळून पाच-सहा मराठी घरं होती. कोणी पुण्याचे, कोणी मुंबईचे, एक नागपूरकडचे. परमुलखात मराठी बोल कानावर पडला की माणसं धावत येतात, तशा त्या बायका पहिल्याच आठवड्यात आईकडे आल्या. त्यांत लिमयेकाकू आईच्या खास मैत्रीण झाल्या. त्या आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहायच्या. गोऱ्या, हसऱ्या, सासूबाईंना फार घाबरणाऱ्या. "अहो, तुमचे मिस्टर सकाळी अभंग किती गोड गुणगुणतात," असं त्या एकदा आईला म्हणाल्या. आई हसली. तिला वाटलं, ह्यांना माहीत असणार. आमचं आडनाव साळवे, त्यावरून कोणालाच काही कळत नाही. माझं नाव सुवार्ता, ते ऐकून लिमयेकाकू म्हणाल्या होत्या, "अय्या, किती वेगळं!" आणि आई कुंकू लावत नसे, तेही कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण तिच्या कपाळावर लहानपणीच गोंदलेला हिरवा ठिपका होता. आमच्या आजीने गावच्या रिवाजाप्रमाणे तो गोंदवून घेतला होता. गळ्यात काळी पोत, हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर ठिपका. बायकांनी काही विचारलं नाही आणि आईने सांगितलं नाही. सांगायचं असं काही असतं, हेच तिला ठाऊक नव्हतं. गावात आमची अख्खी आळी ख्रिस्ती होती आणि ते सगळ्या गावाला माहीत होतं.

दिवाळी आली. करंज्या एकट्या बाईने करायचं काम नव्हे. घट्ट पीठ कुटायला एक, लाट्या करायला एक, पुऱ्या लाटायला दोन, सारण भरून कातणं फिरवायला एक, आणि तळायला जिचा हात बसलेला आहे ती. हात कमी पडले तर लाट्या वाळतात, कडा चिकटत नाहीत, तेलात करंजी फुटते आणि सारण जळून सगळं तेल काळं होतं. म्हणून आमच्या जिन्यावर रीत होती की आज एकीकडे, उद्या दुसरीकडे. आई सगळ्यांकडे गेली. मीही तिच्याबरोबर, कोपऱ्यात बसून पुऱ्यांवर ओला पंचा झाकायला. काय हसायच्या त्या बायका! लिमयेकाकू नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल करायच्या आणि हसता हसता त्यांच्या हातून पुरी फाटायची. वरच्या मजल्यावरच्या सुर्वेबाई पक्क्या मुंबईच्या, तोंडाने फटकळ. त्या म्हणायच्या, "साळवेबाई, तुमच्या पोरीला जीभ दिलीय का देवाने, की विसरला?" सगळ्या हसायच्या, मीही खाली मान घालून हसायची. मला त्या आवडत होत्या. दिवाळीला सगळ्यांकडून आमच्याकडे फराळाची ताटं आली.

दिल्लीतला आमचा पहिला डिसेंबर लागला आणि बाबांनी तारा केला. बांबूच्या कामट्या, लाल-पिवळा पतंगाचा कागद, घरी शिजवलेली खळ. आत बल्ब. गावाकडे डिसेंबर लागला की प्रत्येक दारावर तारा असायचा, बाबांनी तो दरवर्षी केलेला होता. त्यांनी तो व्हरांड्यात टांगला, दिवा लावला आणि खाली मैदानात जाऊन बराच वेळ बघत उभे राहिले. त्यांच्याकडे पाहून मलाही फार भारी वाटलं. त्या काळोख्या थंड ब्लॉकमध्ये आमचंच घर तेवढं उजळलं होतं.

दुसऱ्या दिवशी घरचं पाणी गेलं होतं, तेव्हा खालच्या नळावर सुर्वेबाईंनी आईला गाठलं. मी बादली धरून मागे उभी होते.

"साळवेबाई, तुम्ही ख्रिश्चन आहात?"

"हो."

"मग दिवाळीला आमच्या घरी येऊन पिठात हात घातलात ते? आमच्या देवाचा नैवेद्य होता त्यात."

आई गोंधळली. "तुम्हीच बोलावलंत की बाई."

"सांगायचं नाही का?"

"कोणी विचारलंच नाही. विचारलं असतंत तर तिथेच सांगितलं असतं."

सुर्वेबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग परत आईकडे. "आणि त्याआधी तुम्ही कोण?"

हा प्रश्न मला पुढे आयुष्यभर भेटला. कधी गोड आवाजात, कधी कडू. आईने त्या दिवशी बादली उचलली आणि म्हणाली, "त्याआधीही माणसंच होतो." पण जिना चढताना तिच्या बादलीतलं पाणी माझ्या पायांवर सांडत होतं. त्या आठवड्यात आमच्या दाराशी येणारे बायकांचे आवाज थांबले. एके संध्याकाळी खालून कोणीतरी दगड मारून ताऱ्याचं एक टोक फाडलं. बाबांनी खळ शिजवली, नवा कागद लावला आणि तारा परत टांगला. त्या ठिगळाचा लाल रंग थोडा वेगळा आला होता.

हल्ली मी मुलाकडे नोएडाला राहते, चौदाव्या मजल्यावर. गेल्या नाताळात सूनबाई म्हणाली, "आई, यंदा स्टार आतच लावूया ना. सोसायटीच्या ग्रुपवर काय काय येतंय, उगाच कशाला?" ती चांगली मुलगी आहे, तिला लेकरांची काळजी. मी वाद घातला नाही. ती ऑफिसला गेल्यावर स्टूल घेतलं आणि स्टार बाल्कनीत बाहेरच्या बाजूला लावला. संध्याकाळी तिने पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "स्टूलवर चढत जाऊ नका यार आई, पडाल." तारा तिथेच राहिला.

तर त्या वर्षी नाताळच्या दोन दिवस आधी आईने मला सांगितलं, "सगळ्यांना बोलावणं करून ये. उद्या सकाळी करंज्या आहेत म्हणावं."

बाबा म्हणाले, "अगं, त्या येतील असं वाटतंय तुला?"

"बोलाचाली वेगळी, करंज्या वेगळ्या," आई म्हणाली. "आपल्याकडे भांडण असलं तरी पापडाला बायका येतातच की. मी सगळ्यांकडे गेले होते. येतील."

मी दारोदार गेले. प्रत्येक दारात खाली बघून तेच वाक्य पुटपुटले. "बघू," "जमलं तर," "आमच्याकडे पाहुणे आहेत." लिमयेकाकू मात्र माझ्या गालाला हात लावून हळूच म्हणाल्या, "येईन हं बाळ. सांग आईला." ते ऐकून आईचा चेहरा असा खुलला की तिने पिठाचा डबा खाली काढला आणि दोन घरांना पुरेल इतकं नाही, सगळ्या बायकांच्या हातांना पुरेल इतकं पीठ काढून ठेवलं. गेल्या महिन्यापासून जमवलेलं तूप, खोबरं, खसखस, सगळं.

त्या सकाळी तिने पीठ भिजवून कुटलं. खोलीतली खाट उभी करून भिंतीला लावली. चटया अंथरल्या. शेजारणींची पोळपाट-लाटणी येतील म्हणून जागा सोडली. चहाचं आधण ठेवलं, उकळलं, उतरवलं, परत ठेवलं. जिन्यात पावलं वाजली की ती पदर सावरायची. पावलं दारावरून पुढे जायची. समोरच्या दाराची कडी वाजली, लिमयेकाकूंच्या सासूबाईंचा आवाज आला, मग कडी परत लागली. चहा काळा झाला. बाळू मधल्या मोकळ्या जागेत लोळत होता.

शेवटी आई उठली आणि तिने चहा ओतून टाकला. "ये गं," मला म्हणाली, "वाळायला लागलंय."

आम्ही दोघींनी केल्या. मला तोवर नुसतं पुऱ्या झाकणं माहीत होतं. त्या दिवशी मी लाटल्या, भरल्या, दुधाचं बोट फिरवून कडा दाबल्या, कातणं फिरवलं. पहिल्या काही तेलात फुटल्या. आई ओरडली नाही. तिने तेल गाळलं आणि परत चढवलं. दुपार झाली, आम्ही जेवलो नाही. मनगटं भरून आली. मधेच आईने गायन धरलं, बाबांसारखं मिटल्या ओठांनी नव्हे, शब्द उघडे, दार उघडं. मी तिच्या मागे म्हणू लागले, हळू. दिवेलागणीला दोन मोठे डबे भरले आणि परातीतलं पीठ संपलं. एवढं पीठ दोघींनी कसं संपवलं ते मला आजही सांगता येणार नाही, पण संपवलं. आईच्या केसांना, भुवयांना, त्या हिरव्या ठिपक्याला पीठ लागलं होतं. तिच्यासारखी देखणी बाई मी नंतर पाहिली नाही.

मग तिने ताटं भरली. करंज्या, शेव, वर क्रोशाचे रुमाल.

"कोणाला?" मी विचारलं.

"ज्यांची दिवाळीला आली त्यांना. आधी लिमयेकाकूंना. आणि नीट सांग, नाताळचा फराळ आहे म्हणून."

समोरचं दार वाजवलं. लिमयेकाकूंनी ते अर्धंच उघडलं आणि मागे पाहिलं. त्यांचे डोळे लाल होते.

"मला यायचं होतं गं," त्या कुजबुजल्या. "सासूबाईंनी... तुला कळणार नाही. आई रागावलीय का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"हे बघ सुवार्ता, माझं ऐक. आत्ता मार्गशीर्ष चाललाय. तू नुसतं म्हण, आईने गुरुवारच्या व्रताचा फराळ पाठवलाय. तुम्ही आपलं व्रतही पाळता म्हटल्यावर सासूबाई काही बोलणार नाहीत. मग मला घेता येईल, आणि मी येत जाईन आईकडे, पहिल्यासारखी. बिल्कुल पहिल्यासारखी. एवढंच म्हणायचंय, बाळ."

मला त्या वेळी सगळं लख्ख कळत होतं. आई त्या घोरण्याच्या नकलांसाठी, त्या हसण्यासाठी किती आसुसली होती ते मी रोज पाहत होते. दिल्लीत तिची दुसरी मैत्रीण नव्हती. माझ्या एका वाक्याने ती तिला परत मिळणार होती. आणि मला तर खोटं बोलायचीही गरज नव्हती. मी नेहमीसारखी गप्प उभी राहिले असते, तर काकूंनीच आत जाऊन काय ते सांगितलं असतं.

आतून आवाज आला, "कोण आहे गं दारात?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. ओठांनी, आवाज न करता, त्या म्हणत होत्या, गुरुवारचा, गुरुवारचा.

"आजी, मी सुवार्ता," मी म्हणाले. तो आवाज कुठून आला मला ठाऊक नाही. जिन्यात घुमला. "समोरच्या साळव्यांची. आईने नाताळचा फराळ पाठवलाय."

काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी रुमालाचं सरकलेलं टोक नीट केलं, हळूच, जसं झोपलेल्या लेकराचं पांघरूण करतात. "मग नको बाळ," त्या म्हणाल्या. "घेऊन जा." दार लागलं.

आमचं दार तिथेच, दोन हातांवर होतं. मी त्यात शिरले नाही. ताट घेऊन वरचा जिना चढले. रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. सुर्वेबाईंचं दार वाजवलं आणि त्यांनी काही विचारायच्या आत म्हणाले, "काकू, नाताळचा फराळ आहे."

सुर्वेबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "अरे वा. जीभ आहे म्हणायची! कोणी शिकवून पाठवलं?"

"कोणी नाही."

"आम्ही खाणार नाही हे माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

"मग कशाला आणलंस?"

"दिवाळीला तुमचं ताट आमच्याकडे आलं होतं. आम्ही खाल्लं. चकल्या चांगल्या होत्या."

मग त्यांनी हात पुढे केले. "आण इकडे. खाणार नाही म्हणजे नाही. पण दारात आलेलं ताट परत फिरवायची आमच्यात रीत नाही. ताट उद्या घेऊन जा." त्यांच्या आवाजात माया नव्हती. पण मला त्यांच्याकडून माया नकोच होती. मी कोण आहे ते कळून त्यांनी ताट घेतलं होतं.

खाली उतरले तर आमच्या मजल्यावर बाबा उभे. ड्यूटीचा कोट अंगात, टोपी हातात. ते मघापासून तिथेच थांबले होते.

"वर कोण बोलत होतं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"तू?" ते माझ्याकडे बघत राहिले. "मला वाटलं, कोणाची मुलगी ही, बघावं तरी."

ते आत आले, टोपी खुंटीला लावली आणि आईला म्हणाले, "अगं, ही बोलली. वर सुर्व्यांच्या दारात. सगळ्या जिन्याला ऐकू गेलं."

आई मोरीशी हात धूत होती. मी तिला लिमयेकाकूंचं सगळं सांगितलं, त्या काय म्हणाल्या आणि मी काय म्हणाले ते शब्दाला शब्द. ती ऐकत राहिली. पाणी तसंच वाहत होतं. मला वाटलं, आता ती म्हणेल, एवढं एक वाक्य म्हणायला काय झालं होतं तुला? तिने नळ बंद केला. पदराने हात पुसले, मग डोळे पुसले, मग माझ्या तोंडावरचं पीठ पुसलं.

"मुकी नव्हतीच माझी मुलगी," ती बाबांना म्हणाली. आणि दुसरं ताट उचलून तिने माझ्या हातावर ठेवलं. "जा. बाकीची घरं राहिलीत."